प्रभाग रचना : आपली वस्ती एका प्रभागात आहे का?

प्रभाग रचना म्हणजे निवडणुकीसाठी शहराची लोकसंख्येनुसार केलेली विभागणी. आमच्या आणे पठारावरून कामधंद्यासाठी पुण्याच्या उपनगरांत गेलेले बांधव आता तिथले मतदार आहेत. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. तरीही २०२५ ची रचना २०११ च्या जनगणनेवरच झाली : ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक.

प्रभाग जनगणनेचे प्रगणक गट जोडून तयार होतात. मागासवर्गीय वस्ती शक्यतो फोडू नये, असे राज्य निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. वस्ती दोन प्रभागांत गेली, तर दोन्हीकडे तिचे मत तोकडे पडते.

प्रारूप रचना जाहीर झाल्यावर हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी, नकाशा जोडावा, पोच घ्यावी, सुनावणीला हजर राहावे.

अनुसूचित जातींच्या जागा जनगणनेतील लोकसंख्येवर ठरतात. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांचाही त्यांत समावेश आहे. म्हणून येत्या जनगणनेत धर्म ‘बौद्ध’ सांगताना अनुसूचित जातीची नोंदही करून घ्यावी. ती राहिली, तर आपण मोजणीत बौद्ध असू, पण जागांच्या हिशेबात नसू.