झाकणावरची यादी

घाटंजीला बाबांचं टायपिंग-डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्यांनी जुन्या बाजाराच्या आठवणीही तिथल्याच कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. दुसरी प्रत नाही. गेल्या दिवाळीत तो सुरू केला तर काळ्या पडद्यावर एवढंच: 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर'.

"मागच्या महिन्यापर्यंत तर बरा चालत होता," बाबा म्हणाले. ते खरंच असणार.

आयबीएमची १९५६ सालची पहिली हार्ड डिस्क म्हणजे २४ इंची ५० तबकड्या आणि जेमतेम पावणेचार एमबी. १९८० साली सीगेटने ५ एमबी सव्वापाच इंची खोक्यात बसवले. त्या काळी डिस्कच्या झाकणावर छापील यादी चिकटवलेली असे: कारखान्यातच सापडलेल्या खराब जागांची. दोष मालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. १९८६च्या सुमारास आयडीई आली, कंट्रोलर डिस्कवरच चढला आणि पुढे डिस्क खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर गुपचूप वापरू लागली. सोय मोठी झाली, पण यादी आत गेली. नव्वदच्या दशकात 'स्मार्ट' नावाची सोय आली, डिस्कने स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवावी म्हणून. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांनी चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं.

आमच्या डिस्कचं नाव बायोसमध्ये दिसत होतं, म्हणजे केबल आणि सर्किट बोर्ड बहुधा ठीक. बायोस सुरुवातीला डिस्कचा पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. तोच वाचला जात नव्हता. स्मार्टच्या नोंदीत 'प्रलंबित' सेक्टर बरेच होते. वाचता न आलेला सेक्टर डिस्क लगेच बदलत नाही, कारण बदलला की आतला मजकूर कायमचा गेला. त्यावर नवीन काही लिहिलं, की मगच ती निर्णय घेते. (फेरफाराच्या अर्जासारखंच.) ओळखीच्या मेकॅनिकने फॉरमॅट सुचवलं होतं. ते केलं असतं तर डिस्क कदाचित चालूही झाली असती. रिकामी.

म्हणून ती पुन्हा पुन्हा बूट करणं थांबवलं, काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येईल ते उचलतो, अडेल ते सोडून पुढे जातो, सोडलेल्याचा नकाशा ठेवतो आणि शेवटी परत येऊन तिथे झगडतो. रात्रभर टकटक चालू होती.

सकाळी ती फाइल मिळाली. जुना फाँट टाकेपर्यंत सगळी रोमन अक्षरांची खिचडी, मग एकदम मराठी. मध्ये सलग आठ सेक्टर कोरे. त्या फाँटचं एक चिन्ह म्हणजे एक बाइट. हिशेबाने दोनेक पानं गेली. बाबांनी मागचं-पुढचं वाचून ओळखलं, ती बैलबाजाराची होती. ज्यांनी सांगितली ते २०१४ साली वारले.