दारूचे माप : बंदुकीच्या दारूची किरकोळ खरेदी आणि परवान्याचा इतिहास

बेंगळुरूच्या पश्चिमेस १९४९ साली राजाजीनगर ही वसाहत आखली गेली. तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला मिळाले. पुढे तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रोजगाराच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्यांपैकी बेळगावकडून आलेल्या एका मराठी घरी प्रस्तुत लेखकास एक लहानसे पितळी माप पाहावयास मिळाले. त्यास लाकडी दांडी होती, आतील तळ वरखाली सरकविता येत होता आणि बाहेरच्या अंगास ड्रॅम व औंस यांच्या इंग्रजी खुणा कोरल्या होत्या. घरातील तरुण मंडळी ते औषधाचे माप समजत होती. वस्तुतः ते बंदुकीच्या दारूचे आणि छऱ्यांचे माप होते. आजोबा बाराबोरी बंदुकीची रिकामी पितळी काडतुसे घरीच पुन्हा भरीत. वापरलेली टोपी काढून नवी बसवावयाची, दारू मापून घालावयाची, वर बुचाच्या चकत्या आणि छरे घालून तोंड बंद करावयाचे, असा तो रविवारचा उद्योग असे.

औषधाचे माप ही तरुणांची समजूत चुकीची खरी, परंतु अगदीच निराधार नव्हे. फार्सी भाषेत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. कन्नडमध्ये ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि ‘मद्दुगुंडु’ म्हणजे दारूगोळा. मल्याळममध्ये ‘वेडिमरुन्नु’ हा शब्द याच वळणाचा आहे. ज्या चीनमध्ये या मिश्रणाचा शोध लागला तेथेही त्याचे नाव ‘अग्नि-औषध’ या अर्थाचेच आहे. औषध जसे मोजूनमापून, थोडे थोडे आणावे लागते तशीच बंदुकीची दारूही शतकानुशतके आणली जात होती. या किरकोळ खरेदीकडे आपल्या इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. तोफा, किल्ले आणि दारूखाने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. एका माणसाच्या एका बंदुकीस लागणाऱ्या दारूची कथा मात्र बाजूसच राहिली.

यास साधनांचे स्वरूपही कारण आहे. राज्यकर्त्यांच्या दप्तरात मोठा साठा नोंदला जातो. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरील दारूखान्याविषयी जे विवेचन आहे, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली असू नये, त्याभोवती झाडांचे दाट कुंपण असावे, आत तळघर करून माचावर दारूची मडकी ठेवावीत, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. पहिली काळजी आगीची आहे. पुरंदरच्या १६६५ च्या वेढ्यात आणि रायगडच्या १८१८ च्या वेढ्यात दारूस आग लागून काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. दुसरी काळजी ओलीची आहे, आणि आपल्या विषयाशी तिचाच संबंध अधिक जवळचा आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण दमट हवेत ओल धरते आणि बार फुसका जातो. मराठीतील ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार काही आकाशातून पडलेला नाही. सह्याद्रीच्या पावसात दर पंधरवड्यास ऊन दाखविण्याची व्यवस्था राज्यास शक्य होती, कारण त्याच्याकडे हवालदार होता, पहारा होता. एकट्यादुकट्या बंदूकवाल्यास तसे शक्य नव्हते. त्याने थोडी आणावी, संपवावी आणि पुन्हा थोडी आणावी हेच बरे. किरकोळ खरेदी ही केवळ ऐपतीची बाब नव्हती. ती या वस्तूच्या स्वभावातूनच आलेली होती.

असा एकटादुकटा खरेदीदार मराठी राज्यात कोण होता? बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र घोडा आणि हत्यार स्वतःचे आणी आणि त्याचा खर्चही स्वतःच सोशी. सैन्याबरोबर चालणारा बाजार हा मराठी लष्कराचा नित्याचा घटक होता, आणि शिलेदाराच्या अशा गरजा त्या बाजारानेच भागविल्या असणार. सरकारी साठा आणि बाजार यांत केवढे अंतर होते हे टिपूविरुद्धच्या स्वारीत दिसते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९० च्या सप्टेंबरात धारवाडास वेढा घातला. त्यांच्यासमवेत कॅप्टन लिटलच्या हाताखालील मुंबईची तुकडी होती. त्या तुकडीतील एडवर्ड मूर याचा वृत्तांत १७९४ साली प्रसिद्ध झाला. मराठी तोफा किती संथपणे चालत, एक बार झाल्यावर गोलंदाज कसे निवांत बसत याचे त्याने उपरोधाने वर्णन केले आहे. त्या उपरोधात इंग्रजी घमेंड आहेच. पण पुरेशी दारू हाताशी नसली म्हणजे तोफ संथच चालवावी लागते, ही साधी गोष्ट त्या वर्णनाच्या वाचकांच्या नजरेतून निसटते. धारवाड १७९१ च्या एप्रिलमध्ये हाती आले. त्याआधीच, २१ मार्च रोजी, कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला होता. ज्या पेठेत टिपूचे अग्निबाण तयार होत असे सांगतात तिचे तारामंडलपेठ हे नाव बेंगळुरूत अद्याप टिकून आहे.

युद्धाव्यतिरिक्त दारूचा मोठा किरकोळ ग्राहक म्हणजे उत्सव. परशुराम कृष्ण गोडे यांचा भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासावरील इंग्रजी निबंध १९५३ साली बेंगळुरूच्याच बसवनगुडीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चर या संस्थेने प्रसिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून संस्कृत, मराठी व इतर साधनांतून त्यांनी १४०० ते १९०० या पाच शतकांतील उल्लेख गोळा केले. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील विवाहप्रसंगीच्या दारूकामाची त्यांनी घेतलेली नोंद आपल्यास विशेष महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकातील मराठी श्रोत्यास लग्नातील दारूकाम परिचयाचे होते, असा तिचा अर्थ होतो. लग्न म्हणजे काही सरकारी मोहीम नव्हे. तेव्हा दारू बनविणारा आणि ती थोडीथोडी विकणारा कारागीर गावोगाव असला पाहिजे, आणि त्याच्याकडून शिकाऱ्यास, पहारेकऱ्यास अथवा वरातीच्या यजमानास दारू मिळण्यात कोणाची आडकाठी नव्हती.

ही आडकाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. १८५७ च्या उठावानंतर त्याच वर्षी एक आणि १८६० साली दुसरा, असे शस्त्रांविषयीचे कायदे झाले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांवरील निर्बंधाचा कायदाही आला, परंतु तो चार वर्षांत रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र ८४ वर्षे टिकला. युरोपीयांना मिळालेली सूट आणि एतद्देशीयांवरील अविश्वास यांमुळे तो अपमानास्पद वाटे. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला. या वादात स्वाभाविकच बंदुकीची चर्चा झाली, दारूची नाही. प्रत्यक्षात सामान्य बंदूकधारकाचे जीवन बदलले ते दारूगोळ्याच्या व्याख्येने. या व्याख्येत बंदुकीच्या टोप्या, चकमकीचे दगड, बुचे, इतकेच काय दारूगोळा तयार करण्याची यंत्रेही आली. शिसे, गंधक आणि सोरा मात्र तिच्यातून स्पष्टपणे वगळले होते. घटकद्रव्ये बाजारात मोकळी आणि त्यांचे मिश्रण बंधनात, अशी ही रचना होती. सोरा हा निर्यातीचा माल होता आणि गंधक औषधी व कारागिरीचा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागील व्यापारी हिशेब उमगतो.

सहाच वर्षांनी, १८८४ साली, स्फोटकांचा कायदा झाला. त्याचा हेतू निराळा होता. राजद्रोहापेक्षा अपघाताकडे त्याची दृष्टी होती. आज्ञापत्रातील तळघर आणि कुंपण यांचाच तो आधुनिक वारस म्हणता येईल. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आज नागपुरात आहे. पण या दोन कायद्यांमुळे दारूच्या एका पुडीवर दोन मालक बसले. बंदुकीचा बार म्हणून ती शस्त्र कायद्याखाली आली आणि स्फोटक पदार्थ म्हणून दुसऱ्या कायद्याखाली. विक्रेत्यास परवाना, ग्राहकास परवाना आणि झालेल्या विक्रीची परवान्यावर व दुकानाच्या वहीत नोंद अशी पद्धत रूढ झाली. पूर्वी दुकानदार ग्राहकास चेहऱ्याने ओळखी, आता तो त्याला कागदाने ओळखू लागला. आणि कागदावर वस्तूचा ताजेपणा लिहिला जात नाही, लिहिली जाते ती फक्त कमाल मर्यादा.

याच सुमारास दारूचीही जात बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली. निलगिरीतील अरुवनकाडू येथे १९०३ साली कॉर्डाइटचा सरकारी कारखाना निघाला. काळी दारू मापाने भरीत, किंचित कमीजास्त झाले तरी सहसा निभावे. नवी दारू तोलूनच भरावी लागे आणि जुन्या मापाने ती भरणाऱ्याच्या बंदुकीची नळी फुटण्याचा धोका असे. राजाजीनगरच्या घरातील माप ड्रॅमच्या खुणांचे, म्हणजे काळ्या दारूच्या रूढीचे आहे. कारखान्यात भरलेली काडतुसे सर्रास मिळू लागल्यावर अशी मापे अडगळीत गेली. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बाराबोरी काडतुसे पुढे शिकाऱ्यांच्या परिचयाची झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंदच संपविला, आणि घरगुती भरणाही त्याबरोबर संपला.

संपला नाही तो शेतकऱ्याचा प्रश्न. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद त्याच्या तेराव्या कलमात आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत रानडुकरे आणि माकडे यांच्या उपद्रवाने जेरीस आलेल्या शेतकऱ्यास ही तरतूद म्हणजे आधार. परंतु ठासणीच्या बंदुकीस तयार काडतूस चालत नाही. तिला सुटी दारू, सुट्या टोप्या आणि छरे लागतात. बंदूक तीन पिढ्या टिकते, दारू कोकणच्या एका पावसाळ्यातही टिकेल याचा भरवसा नाही. उभे पीक राखावयाचे ते नेमके पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी. म्हणजे ताजी, थोडी आणि वेळेवर, अशी त्याची गरज आज्ञापत्रकालीन शिलेदाराच्या गरजेहून भिन्न नाही. पूर्वी ती गावाच्या कारागिराकडून भागे, आता परवानाधारक विक्रेत्याकडे शहरात जावे लागते. निवडणुका आल्या की पुष्कळदा बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. शिवाय उपद्रवी प्राण्यावर बार काढण्यास वन्यजीव कायद्याखाली निराळी परवानगी लागते. एका बारामागे तीन कायदे उभे आहेत. त्यांतील प्रत्येक कायदा स्वतंत्रपणे समर्थनीय आहे, हे मान्य केले पाहिजे. चिमूटभर दारू अनेक हातांतून एकत्र आली की तिचा बाँब होतो, आणि विसाव्या शतकाने ते पुरेसे दाखविले आहे. तथापि ज्या शेतकऱ्यास राज्यानेच ठासणीची बंदूक कायद्याने देऊ केली, त्याच्या दारूची सोय करणे हेही त्या देण्यातच अंतर्भूत होते. ते कोणी फारसे मनावर घेतले असे दिसत नाही. बंदूक सनदशीर आणि दारू चोरटी, अशा कोंडीचा रस्ता अशाच ठिकाणी फुटतो.

कोडगूचे उदाहरण येथे आठवते. म्हैसूरचा आयुक्त मार्क कबन याने निवृत्तीच्या तोंडावर, २६ फेब्रुवारी १८६१ रोजी, बेंगळुरूहून एक जाहीरनामा काढला. कोडगूच्या लोकांस निःशस्त्रीकरणाचा कायदा लागू नाही असे त्याने त्यात घोषित केले. १८५७ च्या उठावाच्या काळात त्यांनी इंग्रजांशी राखलेल्या निष्ठेची ती बक्षिसी होती. पुत्रजन्मास एक आणि मृत्यूस दोन बार काढण्याची कोडवांची रीत आहे, आणि कैलपोद या सणास ते शस्त्रे पूजतात. ती सूट स्वतंत्र भारतातही चालू राहिली. केंद्र सरकारने २०१९ साली तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. एका समाजास प्रथेच्या आधारे जे मिळाले, ते कोकणच्या शेतकऱ्यास पिकाच्या आधारे अर्जाअर्जांतून मागावे लागते. कबनने आपला जाहीरनामा काढताना शेतीचा विचार केला नव्हता, सैन्याचा केला होता. तोच विचार नंतरच्या कायद्यांच्या पोटात राहून गेला.

राजाजीनगरच्या त्या कुटुंबाने आजोबांच्या निधनानंतर बंदूक रीतसर जमा केली. माप घरात ठेवले तर चालेल काय, असा प्रश्न त्यांनी प्रस्तुत लेखकास विचारला. १९५९ च्या कायद्यातही दारूगोळ्याच्या व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रसामग्री येते. परंतु हाताने भरावयाच्या पितळी मापास यंत्र म्हणणे आमच्या समजुतीप्रमाणे ओढाताणीचे होईल. टोपी बसविण्याचा जो लहानसा दाबयंत्रासारखा अडकित्ता त्याच डब्यात होता, त्याविषयी मात्र पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे, असे आम्ही सुचविले.