मुक्या जिवांची संस्था आणि तिची वार्षिक सभा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंतातील व्याख्यानांना स्वराज्य, धर्म, शास्त्र, वाङ्मय असे भारदस्त विषय निवडण्याचा आपला प्रघात आहे. मांजरे सांभाळणारी एखादी स्वयंसेवी संस्था, तिची वार्षिक सभा आणि तीत होणारी कार्यकारी मंडळाची निवडणूक हा विषय त्या पंगतीत बसतो काय, अशी शंका कोणास आल्यास ती गैर नव्हे. परंतु लोकशाही ही दिल्लीला जन्मून गावोगाव पसरली, हा समज बरोबर नाही. मत देणे, हिशेब मागणे, पराभव पचवणे हे सारे आपला समाज प्रथम सभा-मंडळांतून शिकला. आणि ज्या मंडळाचा लाभ घेणाऱ्यास बोलताच येत नाही, त्या मंडळात या शिक्षणाची खरी परीक्षा होते.

कोकणच्या माणसाला मांजर समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या घरात भाताची कणगी, तेथे उंदीर आणि जेथे उंदीर, तेथे मांजर, असा हा जुना करार आहे. मालवणीत त्याला ‘माजर’ म्हणतात आणि मासळीच्या दिवशी ते घरातल्या माणसांइतक्याच हक्काने चुलीपाशी बसते. मांजर मारणे हे स्मृतिकारांनी प्रायश्चित्ताचे पाप मानले. षष्ठीदेवीचे, म्हणजे आपल्या सटवाईचे, ते वाहन आहे. पण पाप टाळण्याची एक पळवाटही आपणच शोधून काढली. नकोशी पिल्ले पोत्यात घालायची आणि दूर कोठे तरी सोडून यायची. तळेरे हे नाक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो, एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो आणि दुसरा गगनबावड्यावरून कोल्हापूरला चढतो. अशा रहदारीच्या नाक्यावर सोडलेल्या पिल्लाचे काय होते, हे सांगावयास नको. मारण्याचे पाप आपल्याला लागले नाही, एवढेच समाधान घरी परतणाऱ्याजवळ उरते. ते पिल्लू उचलून घरी नेणारा एखादा भला माणूस असतोच. प्रश्न उत्पन्न होतो तो पिल्ले दहाची पन्नास झाली आणि भल्या माणसाला वर्गणी मागावी लागली म्हणजे. दया ही एकट्याची असेपर्यंत तिला नियम लागत नाहीत. ती दुसऱ्याच्या पैशाने करावयाची झाली की तिला दप्तर लागते.

मुंबई इलाख्यात या दप्तराचा आरंभ एका दंगलीतून झाला. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालू होती आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलेले होते. पारशी समाजाच्या पवित्र दिवशी शिपायांनी घरांच्या आसपास कुत्री मारण्यास आरंभ केला, तेव्हा लोक खवळले, शिपायांवर चालून गेले आणि बाजार बंद पडला. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. पण या बंदात इतर जमातींचे व्यापारीही सामील झाले होते. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि जैन समाजाचे पुढारी मोतीशेठ अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. भुलेश्वराजवळचा तो पांजरपोळ आजही आहे. त्याचा खर्च कसा चालला, हे पाहण्यासारखे आहे. व्यापाऱ्यांनी कापूस, अफू अशा मालाच्या व्यवहारावर आपण होऊन एक लागा बसवून घेतला. पैसा पेढ्यांचा, विश्वस्त पेढ्यांचे आणि हिशेबही पेढ्यांच्या वहीत. येथे निवडणुकीचे कारणच नव्हते. शेठाची पत हीच त्या कारभाराची हमी होती.

दुसरा मार्ग विलायतेहून आला. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली. तिची पहिली बैठक ‘ओल्ड स्लॉटर्स’ नावाच्या कॉफीगृहात भरली. ते नाव मूळच्या मालकाच्या आडनावावरून पडले होते. तरी स्लॉटर म्हणजे कत्तल, हा योगायोग मौजेचा आहे. पण पुढचा भाग मौजेचा नाही. संस्थेचे पहिले चिटणीस पाद्री आर्थर ब्रूम यांनी आपली उपजीविका सोडून या कामाला वाहून घेतले. खर्च वाढत गेला, वर्गणी अपुरी पडली आणि १८२६ साली संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. संस्था तगली, १८४० साली तिला राजमान्यताही मिळाली. परंतु चिटणिसाची कळकळ आणि खजिन्याची शिल्लक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा तिला महागात मिळाला.

याच धर्तीची संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली. दिनशा माणकजी पेटिट यांच्या दातृत्वातून त्यांच्या पत्नीच्या नावे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याला लागूनच पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातील चाकरमानी याच भागात राहिला आणि आपापल्या गावाचे ग्रामस्थ मंडळ त्याने येथेच चालवले. खोलीभाड्याचा हिशेब, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, सूचक, अनुमोदक आणि शेवटी आभारप्रदर्शन हा क्रम आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ होता. सभाशास्त्र कोकणात पुस्तकांतून आले नाही. ते परळच्या चाळींतून बोटीने आणि पुढे एस.टी.ने गावी आले.

आता निवडणुकीकडे वळू. महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांच्या इतिहासात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. तिचा उगमच एका विश्वस्त कारभाराच्या तक्रारीतून झाला. पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयी लोकांत असंतोष होता आणि त्याची दाद मागण्याच्या खटपटीतून १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या परिश्रमाने ही सभा उभी राहिली. तिच्या सभासदत्वाची अट आज वाचताना आश्चर्य वाटते. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र ज्याने आणले, त्यालाच सभासद होता येत असे. केवळ वर्गणी भरली म्हणून कोणी बोलू लागत नसे; तो कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी दाखवावे लागे.

पंचवीस वर्षांनी, १८९५ च्या वार्षिक निवडणुकीत, याच सभेच्या कार्यकारी मंडळात टिळकांच्या पक्षाचे बहुमत झाले. रानडे आणि गोखले यांचा पक्ष मागे पडला आणि १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. यात कोणाचे बरोबर होते, हा वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, हरलेल्या पक्षाने दप्तर पळवले नाही, कुलूप ठोकले नाही; त्याने आपले दुसरे घर बांधले. दुसरी ही की, एका शहरात एकाच कामाच्या दोन संस्था झाल्यावर दोहोंचे बळ पूर्वीच्या एकीइतके राहिले नाही. मोठ्या माणसांच्या भांडणाचीही किंमत संस्थेलाच द्यावी लागते. मग लहान गावात ती किती पडेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

येथेच मांजरांच्या संस्थेचा आणि सार्वजनिक सभेचा फरक उघड होतो. ज्या पन्नास माणसांनी सही दिली, त्यांना सभासदाला जाब विचारता येत होता. मांजर मुखत्यारपत्र देत नाही. त्याचे औषध संपले, त्याला शिळे अन्न मिळाले, त्याचा पिंजरा आठवडाभर धुतला गेला नाही, तरी वार्षिक सभेत ते हात वर करू शकत नाही. शाळेत विद्यार्थी तक्रार करतो, पतपेढीत ठेवीदार दारावर येतो. येथे तक्रार करणारा कोणीच नाही. म्हणून अशा संस्थेची निवडणूक बिनविरोध झाली, याचा अर्थ कारभार चांगला आहे असाच होत नाही.

ही उणीव कायद्याने काही अंशी भरून काढली आहे. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसे एकत्र येऊन धर्मादाय कामासाठी संस्था नोंदवू शकतात. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी दाखल करावी, असे त्यात सांगितले आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल, त्याला मताचा अधिकार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम हे की, संस्था मोडली तरी उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यावयाची नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जावी. म्हणजे सभासद हा मालक नव्हे, राखणदार होय. पुढे १९५० साली मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, हिशेबतपासणी आणि विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांच्या आत बदलाची नोंद, असा क्रम लागला. आपल्याकडील बहुतेक संस्थांची भांडणे या बदलाच्या अर्जावरच अडून बसतात, हे या क्षेत्रात वावरलेल्यांना ठाऊक आहे.

प्राण्यांच्या बाजूनेही कायदा पुढे सरकला. १८९० चा कायदा पाळीव किंवा पकडलेल्या जनावरापुरता होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांनंतर १९६० साली नवा कायदा झाला आणि त्याने माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला प्राणी मानले. नाक्यावर सोडलेले, कोणाचेच नसलेले मांजर या व्याख्येत निःसंशय आले. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही रुक्मिणीदेवीच होत्या.

तथापि कायदा पावत्या तपासतो, मायेने भरवले की नाही हे तपासत नाही. ते काम सभासदांचे आहे आणि तेथे आपण कमी पडतो. मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो. संस्थांच्या कारभाऱ्यांनाही ही सवय लागते. हिशेब तपासणारा कारभाऱ्यांच्याच गोतावळ्यातला असला, म्हणजे उंदराला मांजर साक्ष! आणि हे सारे दिसत असूनही मांजराच्या गळ्यात घंटा बांधावयास कोणी उठत नाही, कारण जो उठेल त्यालाच चिटणीस करतात.

निवडणुकीतला खरा तंटा बहुधा एकाच प्रश्नावर असतो. मत कोणाला असावे? रोज पहाटे पिंजरे धुणारे म्हणतात, जो राबतो त्यालाच. वर्गणी देणारे म्हणतात, आमच्या पैशावाचून दूध कोठून आणाल? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. केवळ राबणाऱ्यांच्या हाती सर्व दिल्यास ब्रूम यांच्यासारखी गत होण्याचा संभव आहे आणि केवळ वर्गणीवर मत ठेवल्यास निवडणुकीच्या आदल्या महिन्यात कोणीही पन्नास पावत्या फाडून संस्था ताब्यात घेऊ शकतो. ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंडातील त्याच राजमान्य संस्थेत, तिचे शिकारविरोधी धोरण बदलण्याच्या हेतूने शिकारीचे पुरस्कर्ते सभासद होऊ लागले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. संस्थेच्या कार्याला बाधक हेतूने येणाऱ्यास सभासदत्व नाकारता येते, असे तेथील न्यायालयाने २००१ साली मान्य केले. मात्र ही निवड मन मानेल तशी करता येणार नाही, अशीही जाणीव दिली.

माझ्या मते यातून निघणारा मार्ग साधा आहे. नव्या सभासदास पहिले एक वर्ष मत नसावे, म्हणजे पावत्यांचा पूर येत नाही. मंडळाच्या काही जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आणि एखादी जागा पशुवैद्यासाठी राखून ठेवावी. खजिनदार आणि प्रत्यक्ष खरेदी करणारा ही दोन निरनिराळी माणसे असावीत. आणि हे नियम निवडणूक नसलेल्या वर्षी करावेत, कारण निवडणुकीच्या तोंडावर केलेला नियम, तो कितीही चांगला असला, तरी कोणाच्या तरी विरुद्ध केला असेच वाटते.

या सर्वांपेक्षा महत्त्वाची एक वही आहे. वर्षात किती मांजरे आली, किती बरी झाली, कितींची शस्त्रक्रिया करून त्यांची प्रजा थांबवली, कितींना घर मिळाले आणि किती मेली, हे तारीखवार लिहिलेली वही. मेलेल्यांचा आकडा लपवणारी संस्था जिवंतांचाही हिशेब नीट ठेवत नाही. मांजराला मत नाही. पण ही वही हे त्याचे मुखत्यारपत्र आहे. वार्षिक सभेत ताळेबंद मंजूर होण्यापूर्वी ती टेबलावर मांडली जावी आणि कोणाही सभासदाने तिच्यातील कोणतेही पान उघडून विचारावे, की या ओळीतल्या जिवाचे पुढे काय झाले. ज्या मंडळाला या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्यालाच पुन्हा निवडून द्यावे.