कलम ७९ आणि एक शनिवार-रविवार

‘समाजमाध्यम कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी’ असा विषय घेतला की आपल्यापैकी बहुतेक जण २०१५ च्या श्रेया सिंघल निकालापासून सुरुवात करतात. तुम्हीही तसंच ठरवलं असेल, तर आधी अकरा वर्षं मागे जा.

शनिवार, २७ नोव्हेंबर २००४. बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळावर एका विक्रेत्याने दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची खासगी चित्रफीत विकायला ठेवली. संकेतस्थळावर होती ती फक्त विक्रीची नोंद; चित्रफीत विक्रेता ईमेलने पाठवत होता. त्याच रात्री एका वापरकर्त्याने कंपनीला कळवलं. नोंद उतरली थेट सोमवारी सकाळी. तोवर काही विक्री होऊनही गेली होती. डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली.

तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागू होता. त्याच्या मूळ कलम ७९ नुसार कंपनीला संरक्षण होतं, पण ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेपूर काळजी घेतली होती’ हे तिनेच सिद्ध करायचं. आता शनिवारी रात्री आलेली तक्रार म्हणजे ‘माहीत असणं’ की नाही? माझ्या मते या विषयातला सगळा वाद या एका प्रश्नात आहे.

न्यायालयात मात्र खटला भलत्याच वळणाने गेला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजाज यांच्यावरचे भारतीय दंड संहितेखालचे आरोप काढले, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे ठेवले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले. कारण? कंपनीलाच आरोपी केलं नव्हतं, मग केवळ संचालकावर खटला चालवता येत नाही. म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहिला.

कायदा मात्र तोवर बदलला होता. जुनं आणि २००८ च्या दुरुस्तीनंतरचं कलम शेजारी शेजारी ठेवून वाचा (मार्गदर्शक सांगण्याआधीच वाचा). ‘मध्यस्थ’ या शब्दाची नवी व्याख्या पाहा: त्यात शोधयंत्रं आहेत, सायबर कॅफे आहेत आणि ‘ऑनलाइन लिलाव संकेतस्थळं’ हे शब्द चक्क नाव घेऊन आलेत. समाजमाध्यम हा शब्द नाही. म्हणजे आज फेसबुक, यूट्यूब ज्या छपराखाली उभे आहेत, ते त्यांच्यासाठी बांधलेलं नव्हतं.

याच दुरुस्तीतून कलम ६६-अ आलं. त्याखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, आणि त्यातून श्रेया सिंघल याचिका उभी राहिली. ६६-अ रद्द झालं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच निकालात कलम ७९ चा अर्थही बदलला: कंपनीला ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली असं मानायचं ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावरच. लाखो तक्रारींतली कुठली रास्त, हे कंपनीने ठरवत बसू नये, असा त्यामागचा युक्तिवाद. अभिव्यक्तीच्या बाजूने बघितलं तर तो पटतो. कंपनीच न्यायाधीश झाली, तर ती भीतीपोटी सगळंच उडवेल.

पण हा नियम त्या शनिवारी रात्रीच्या तक्रारीला लावून बघा. ती ‘माहिती’ ठरतच नाही. ज्या मुलांची चित्रफीत विकली जात होती, त्यांनी आदेशाची वाट पाहायची.

२०२१ च्या नियमांनी इथे थोडी दुरुस्ती केली. ‘समाजमाध्यम मध्यस्थ’ हे नाव कायद्याच्या भाषेत आलं, आणि खासगी चित्रणाविषयी तक्रार आली की २४ तासांत ते हटवायचं बंधन पडलं. फक्त ती तक्रार पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणीतरी केलेली हवी. २००४ मध्ये कळवणारा मात्र त्या संकेतस्थळाचा एक वापरकर्ता होता.