दात्याची अट

विद्येसाठी द्रव्य देणारा दाता मोबदल्यात काय मागतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेत शिकावयास गेलेल्या आरंभीच्या मराठी विद्यार्थ्यांचा इतिहास मात्र याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. वाइल्डर नामक मिशनऱ्याच्या उत्तराचा आशय एवढाच, की प्रथम ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. ती अट जोशी दांपत्यास मान्य झाली नाही. परंतु हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी १८८० साली तो दंतवैद्याकडे बसल्या असता वाचला. त्यांनी पत्र लिहून मदतीचा हात पुढे केला आणि धर्मांतराची अट घातली नाही.

प्रवासाच्या खर्चासाठी आनंदीबाईंनी सोन्याच्या बांगड्या विकल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी भाषण केले. त्यानंतर वर्गणी जमू लागली आणि व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही २०० रुपये दिले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ६०० डॉलरांची शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे क्षयाने निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी पोकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. बाईंच्या देणगीचा हिशेब तेथेच संपला.

दुसऱ्या उदाहरणात अट निराळी होती. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि अट अशी, की शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१५ साली एम. ए. झाले. पुढे लंडनला गेले असता शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले. पण त्या नगरात त्यांना राहावयास कोणी घर देईना. पारशी खाणावळीत नाव बदलून राहिले, तर तेथूनही हाकलले गेले. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. करार मोडला खरा. परंतु तो मोडण्याचा दोष विद्यार्थ्याकडे नव्हता, राज्यकर्त्याकडेही नव्हता. तो शेजाऱ्यांकडे होता.

आज अमेरिकेच्या केंद्र सरकारचे विद्यार्थी-साहाय्य सामान्यतः परदेशी विद्यार्थ्यांस मिळत नाही. व्हिसापूर्वी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या मोजक्याच संस्था परदेशी विद्यार्थ्यास प्रवेश देताना त्याची गरिबी आड येऊ देत नाहीत. इकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. म्हणजे, आनंदीबाईंच्या काळी जी वाट ओळखीच्या पत्रावर आणि विकलेल्या बांगड्यांवर अवलंबून होती, ती आता अर्ज, उत्पन्नाचा दाखला व नियम यांतून जाते.

पुणे-सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभ हे फिरंगाई देवीचे गाव. आता तेथे औद्योगिक वसाहतही उभी आहे. अशा गावातला एखादा मुलगा वा मुलगी उद्या या वाटेने निघेल, तर घरच्यांनी रकमेइतकीच अटही नीट वाचावी, हे उघड आहे. परंतु बडोद्याच्या घटनेने एक गोष्ट अधिक शिकविली आहे. करारावर सही विद्यार्थी करतो; मात्र परतलेल्या विद्वानास राहावयास घर आणि करावयास काम मिळेल, याची हमी गावाने द्यावयाची असते. ती कोणत्याही शिष्यवृत्तीत लिहिलेली नसते.