पेटीतला प्राणवायू

१९४१ च्या फेब्रुवारीत बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ स्ट्युअर्ट क्लिफर्ड अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला तपासायला गेले. बाळाने अंग धरलं होतं, पण त्याची नजर कुठेच ठरत नव्हती आणि डोळ्यांवर राखाडी झाक होती. पुढच्याच वर्षी नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अशा बाळांच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. १९५३ पर्यंत जगभरातली सुमारे दहा हजार मुलं या विकाराने आंधळी झाली; त्यातली बहुतेक अमेरिकेतली.

संशय प्रत्येक गोष्टीवर घेतला गेला: जीवनसत्त्वं, दूध, उजेड. प्राणवायूवर मात्र बराच काळ कुणी बोट ठेवलं नाही, कारण तोच तर जीव वाचवत होता! अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवायच्या नव्या घट्ट बंद पेट्यांत तो आठवडेच्या आठवडे सोडला जाई. गरीब देशांत, जिथे अशी साधनं नव्हती, तिथे हा आजार जवळपास दिसत नव्हता.

मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी नेमकं हेच हेरलं. तिथल्या काही रुग्णालयांत प्राणवायूचे पैसे पालकांना मोजावे लागत, म्हणून तो बेताने वापरला जाई. तिथली बाळं आंधळी होण्याचं प्रमाण कमी होतं. त्यांचा लेख १९५१ चा.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये तरुण नेत्रतज्ज्ञ आर्नल पॅट्झ यांनी बाळांचे दोन गट करून, एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी प्राणवायू देऊन पाहायचं ठरवलं. सरकारी अनुदान नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी भावाकडून पैसे घेतले. प्राणवायू कमी करणं म्हणजे बाळाला मारणंच, अशी काही परिचारिकांची खात्री होती. रात्री त्या गुपचूप नळ वाढवून ठेवत. त्यांना दोष देववत नाही. समोर धापा टाकणारा जीव असताना आकडे कोण पाहणार? तरीही फरक लपला नाही. पाठोपाठ १८ रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने शिक्कामोर्तब केलं.

डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. जादा प्राणवायूने ही वाढ थांबते. मग उपाशी राहिलेला पडदा भलत्याच, नाजूक वाहिन्या वाढवतो, त्यांचे व्रण पडद्याला ओढून सोडवतात.

पुढे काटा उलट्या टोकाला गेला. प्राणवायू इतका आखडता घेतला गेला की वाचू शकणारी बाळं दगावली. केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये मांडलेला हिशेब सुन्न करणारा आहे: एक मूल अंधत्वातून वाचवताना सुमारे सोळा मृत्यू.

आपल्याकडे नवजात अतिदक्षता विभाग वाढले, तशी ही अंधत्वाची अडचण इथेही आली, आणि तीही वेगळ्या रूपात. अमेरिकेत साधारण दीड किलोपर्यंतच्या बाळांची तपासणी होते. भारतात त्याहून जड बाळांनाही हा विकार (आरओपी) होतो, म्हणून इथली मर्यादा दोन किलो किंवा ३४ आठवडे. पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत हवी, फारच लहान बाळाची त्याहूनही लवकर. पण तोवर बाळ घरी गेलेलं असतं, घर तालुक्याच्या पलीकडे. बंगळुरूच्या किडरोप उपक्रमाने २००८ पासून डोळ्याचा पडदा टिपणारा कॅमेराच गाडीत घालून जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. डोळ्यावर लेझर उपचार लागणार असेल तर तो दोन-तीन दिवसांत करावा लागतो. तो वेळेत झाला तरी यातल्या बऱ्याच मुलांना पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागतो, काहींना तिरळेपणा येतो. म्हणून शाळेच्या वयापर्यंत त्यांची तपासणी चालू ठेवावी लागते.