वऱ्हाडातील पोळ्याची झडती : बैलांच्या सोबतीने घडलेली कविता आणि तिचे संगीत

प्रस्तावना

प्रमाण मराठीत ‘गायकी’ म्हणजे गाण्याची रीत. वऱ्हाडी बोलीत गायकी म्हणजे गाई राखणारा. गुरांच्या सोबतीने राबणाऱ्या माणसाने रचलेली कविता आणि तिचा संगीताशी असलेला संबंध हा लोकसाहित्याच्या अभ्यासकांइतकाच इतिहासाच्या अभ्यासकांचाही विषय आहे. अमेरिकेत ‘काऊबॉय पोएट्री’ या नावाने अशा कवितेला स्वतंत्र स्थान मिळाले. अमरावती व अकोला जिल्ह्यांत तिच्याशी नाते सांगणारा प्रकार म्हणजे पोळ्याची झडती. प्रस्तुत लेखात झडतीचे स्वरूप आणि ऐतिहासिक साधन म्हणून तिचे मोल यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. परंतु शेतापासून बाजारापर्यंतचा भार बैलांच्याच खांद्यावर राहिला. त्याच युद्धानंतर टेक्सासमधील गुरांचे कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत नेले जाऊ लागले आणि ‘काऊबॉय’ हा मजूरवर्ग उदयास आला. एकाच जागतिक उलथापालथीचे हे दोन परिणाम होत. काऊबॉय आणि वऱ्हाडातील सालदार या दोघांनाही बहुधा दुसऱ्याच्या मालकीची जनावरे सांभाळावी लागत. काऊबॉय पगारावर राबे, सालदार वर्षाच्या बोलीवर.

झडतीचे स्वरूप

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. दुसऱ्या दिवशी झूल, घुंगरमाळ, बेगड यांनी सजविलेल्या जोड्या गावाच्या आखरावर तोरणाखाली उभ्या राहतात. मानाची जोडी पुढे असते. तोरण तुटण्यापूर्वी डफडे आणि सनई थांबतात व एकेक जण पुढे होऊन उंच आवाजात झडती म्हणतो. झडती ही यमकबद्ध, आखूड चरणांची रचना असते. घरातील वा शेतातील एखाद्या साध्या वस्तूपासून ती आरंभ करते, यमकाच्या साखळीने महादेव-पार्वतीच्या कथेपर्यंत किंवा गावच्या कारभारापर्यंत पोहोचते आणि महादेवाच्या जयघोषात संपते. जयघोष सारा जमाव करतो व वाद्ये पुन्हा वाजू लागतात. एका झडतीला दुसरा गडी झडतीनेच उत्तर देतो. त्यामुळे तिला सवाल-जवाबाचे रूप येते.

‘झडती’ या शब्दाचा रूढ अर्थ तपासणी असा आहे आणि हा प्रकार त्या अर्थाशी सुसंगत आहे. नापिकी, कापसाचा भाव, सावकार, सरपंच, पुढारी या सर्वांची तपासणी तोरणाखाली होते. एरवी मालकासमोर खाली मान घालणाऱ्या गड्याला त्या दिवशी सर्वांसमक्ष बोलण्याची मुभा असते. त्यानंतर बैल घेऊन तो घरोघरी जातो व त्याला बोजारा मिळतो. म्हणजेच झडती हे मनोरंजन आहे, तसेच श्रमसंबंधांतील मान्य केलेले भाषणस्वातंत्र्यही आहे.

मेळघाटात या परंपरेचे निराळे रूप दिसते. दिवाळीनंतरच्या घुंगरू बाजारांत, वर्षभर गावची गुरे राखणारे थाट्या बासरीच्या सुरांवर नाचतात. तेथे शब्दापेक्षा सूर आणि पदन्यास यांना प्राधान्य आहे.

शब्दाकडून स्वराकडे

अमेरिकेत ही कविता छापील पानावरून चालीकडे आणि चालीवरून ध्वनिमुद्रिकेकडे गेली. डी. जे. ओमॅली या काऊबॉयची कविता १८९३ मध्ये पशुपालकांच्या नियतकालिकात छापली गेली. १९२५ मध्ये कार्ल स्प्रेग याने ती ध्वनिमुद्रित केली. दरम्यान १९१० मध्ये जॉन लोमॅक्स यांचा काऊबॉय गीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता. १९८५ पासून नेवाडातील एल्को येथे अशा कवींचे संमेलन भरू लागले.

वऱ्हाडात ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोहोचली ती झडती नव्हे, तर बोलीतील व्यक्तिनिष्ठ कविता. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांची तिफणीवरील कविता अनिल-अरुण या संगीतकारांच्या चालीत ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटात आली आणि वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर घरोघरी ऐकली गेली. झडती मात्र तोरणाजवळच राहिली. तिच्यातील टोमणा गावातील माणसांना उद्देशून असतो. तो कळण्यासाठी गाव माहीत असावे लागते. शिवाय तिचा अखेरचा चरण जमावाच्या मुखी असतो. चालीत बांधून ती एका गायकाच्या स्वाधीन केल्यास तिचे अर्धे अंग गळून पडते.

निष्कर्ष

वऱ्हाडच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने गॅझेटियर, महसुली अहवाल आणि कापसाच्या आकडेवारीवर आधारलेले आहे. त्यात सालदार मजुरीच्या रकान्यात दिसतो. त्याचा आवाज ऐकू येत नाही. तो आवाज झडतीत आहे. ट्रॅक्टर आल्याने गोठ्यातील जोड्या कमी होत आहेत आणि जोडीच नसेल तर तोरणाखाली उभे राहण्याचा अधिकारही उरत नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरील ओव्यांचे संकलन गाणाऱ्या स्त्रीच्या व गावाच्या नावानिशी केले. त्याच धर्तीवर झडत्यांचे संकलन गाव, वर्ष, म्हणणाऱ्याचा व्यवसाय आणि प्रसंग यांच्या नोंदीसह होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व समाजशास्त्र विभागांना हे काम एकत्रितपणे करता येईल. कारण त्यांचे विद्यार्थी पोळ्याच्या दिवशी त्याच आखरावर उभे असतात.